पायाळू

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. बाकीची लेकरं डोकं पुढे करून जगात येतात, हा पाय पुढे टाकून येतो. आमच्या वऱ्हाडात अशा माणसाला जुन्या काळी मान होता आणि त्याच्याविषयी थोडी भीतीही होती. कमरेत उसण भरली की लोक पायाळूच्या दारी यायचे, ओट्यावर पालथे पडायचे आणि त्यानं कमरेला पाय लावला की उठून चालू लागायचे. पायाळूच्या डोळ्यात अंजन घातलं तर जमिनीतलं धन दिसतं, असं म्हणत. विजेची मात्र त्याच्यावर नजर असते म्हणे. म्हणून आभाळ गडगडलं की त्यानं झाडाखाली थांबू नये.

मी पायाळू आहे. लहानपणी माझ्या पायाखालून किती कमरा गेल्या त्याचा हिशोब नाही. विहिरीचं पाणी पाहायलाही मला दोनदा नेलं होतं. एका वावरात पाणी लागलं, दुसरी विहीर कोरडी गेली. ज्याला पाणी लागलं त्यानं मरेपर्यंत माझं नाव घेतलं. ज्याची कोरडी गेली त्यानं नशिबाला बोल लावला, मला नाही. पायाळू असण्याचा असा फायदा असतो.

आता गावात आम्ही चार पायाळू उरलो. सगळ्यात लहान जो आहे त्याची छत्तिशी झाली. त्याच्यानंतर गावात पायाळू जन्मलाच नाही. याचा अर्थ लेकरं पोटात उलटी बसायची थांबली असा नाही. दिवस भरत आले तरी शंभरात तीन-चार लेकरं आजही ढुंगण नाहीतर पाय खाली करून बसलेली असतात. फक्त ती आता पोटाच्या वाटेनं बाहेर येतात. ज्याचं डोकंही आधी आलं नाही आणि पायही नाही, त्याला पायाळू कसं म्हणणार? एक शब्द आमच्या डोळ्यादेखत मरतो आहे. तो मरावा की नाही हे ठरवायचं तर बाळंतपणाचा सगळाच हिशोब मांडावा लागतो, जमेचा आणि खर्चाचाही.

माझा जन्म मालेगाव तालुक्यातला, घरातल्या मधल्या खोलीतला. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे. (१ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा झाला.) दाईनं तपासून सांगितलं की लेकरू पायाकडून आहे. घरातल्या बाया रडायला लागल्या. पाय बाहेर दिसल्यावर माझ्या मोठ्या मायनं ते धरून ओढायला हात पुढे केला, तर दाई तिच्यावर खेकसली, "हात नोको लावू वं! ते आपल्या वजनानं येते. ओढलं की हात वर जातेत अन् मुंडकं अटकते." मायनं हे मला वीस वेळा तरी सांगितलं असेल. पुढे मी डॉक्टरी माहितीची पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की पायाळू बाळंतपणाचा पहिला नियम तोच आहे : घाईनं ओढायचं नाही. त्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण नियम पाठ होता.

दाईचं एवढं ऐकून कोणी म्हणेल की जुना काळच बरा. त्यांनी माझ्या आत्याचं ऐकावं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आत्याचं लेकरू आडवं होतं. आधी हात बाहेर आला. आडव्या लेकरापुढे दाईचं काही चालत नाही, वाटच नसते. त्याच दाईनं हात जोडले आणि म्हणाली, "आता माह्या हातचं नाही राह्यलं, गाडी जुपा." रात्री बैलगाडी जुंपली. वाशीम सात कोस. वाटेत नाल्याला पाणी, गाडी दीड तास अलीकडच्या काठावर उभी. पहाटे वाशीमचे दिवे दिसायच्या आत आत्या गेली, लेकरू पोटातच. तिचं वय बावीस. त्या रात्री एक ऑपरेशन हाताशी असतं तर दोघंही वाचली असती. म्हणून सिझेरियनला कोणी सरसकट शिव्या घातल्या की मला ते सहन होत नाही.

आत्या वाशीमला पोचली असती तरी तिथून बहुतेक अकोल्याच्या लेडी हार्डिंगला पाठवली असती. अकोल्याच्या सरकारी जनाना दवाखान्याला आमचे लोक अजूनही त्याच नावानं ओळखतात. अमरावतीकडचे लोक 'डफरीन'ला नेलं म्हणतात. ही नावं इंग्रज व्हाइसरॉयांच्या बायकांची. लेडी डफरीननं १८८५ साली हिंदुस्थानातल्या बायकांसाठी निधी उभा केला, कारण पुरुष डॉक्टरपुढे जायला बाया तयार नव्हत्या. त्याच सुमारास आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टरी शिकत होती. कल्याणची ही मुलगी चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि तिचं लेकरू दहा दिवसांत गेलं. औषधपाणी नीट मिळालं असतं तर ते जगलं असतं, हे तिच्या मनात बसलं. १८८६ साली ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, बाविसाव्या वर्षात, क्षयानं ती पुण्यात वारली. तिच्या हातून एकही बाळंतपण आपल्या मुलखात झालं नाही, हे वाचलं तेव्हा मला आत्याच आठवली.

पोट चिरून लेकरू काढायची कल्पना मात्र नवी नाही. सुश्रुतानं अडलेल्या गर्भाचं, म्हणजे मूढगर्भाचं, वेगळं प्रकरण लिहिलं. बाई मेली आणि पोटात हालचाल दिसली तर पोट चिरून लेकरू काढावं, असं त्यात आहे. जिवंत बाईवर शस्त्र चालवायचं तर आधी धन्याची परवानगी घ्यावी, असंही आहे. आजचा सहीचा कागद त्याचाच पणतू समजा. जैन परंपरेत सम्राट बिंदुसाराची कथा आहे. चंद्रगुप्ताच्या राणीच्या पोटात विष गेलं, तेव्हा चाणक्यानं पोट चिरून मूल काढलं. विषाचा एक बिंदू त्या मुलाच्या डोक्याला लागला, म्हणून तो बिंदुसार. या सगळ्या गोष्टींत आई मेलेली किंवा मरत असलेली. आई वाचवायला पोट चिरावं हे तेव्हा कोणाच्या मनातही येत नव्हतं. रोमच्या ज्युलियस सीझरवरून हे नाव पडलं असं लोक सांगतात, पण त्याची आई तो मोठा होईपर्यंत जिवंत होती, मग ती गोष्ट कशी बसेल?

मला आवडलेली गोष्ट स्वित्झर्लंडची आहे. १५०० च्या सुमाराला याकोब नुफर नावाचा माणूस होता. धंदा डुकरिणी खच्ची करण्याचा. बायको अडली, सुइणी थकल्या, तेव्हा यानं आपल्या हत्यारानं तिचं पोट चिरलं आणि मायलेकरू दोन्ही वाचली म्हणे. ही गोष्ट लिहिली गेली ऐंशीएक वर्षांनी, म्हणून जाणकार तिच्यावर भरवसा ठेवत नाहीत. आमच्याकडे गोऱ्हे ठेचणारे होते, त्यांच्या हाताची सफाई मी पाहिली आहे. तरी सांगतो, मीही ठेवत नाही.

कारण खरी अडचण कापायची नव्हती, शिवायची होती. कित्येक वर्षं डॉक्टर पोट शिवत, पण आतली पिशवी तशीच सोडत. ती आपोआप मिटेल, टाके आत ठेवले तर पिकतील, असा समज. बाई रक्त जाऊन नाहीतर पू होऊन मरायची. १८७६ मध्ये इटलीच्या पोरो नावाच्या डॉक्टरनं लेकरू काढल्यावर पिशवीच कापून टाकायला सुरुवात केली. बाया वाचू लागल्या, पण पुन्हा आई होणं संपलं. १८८२ साली जर्मनीच्या झेंगरनं पिशवी नीट शिवून दाखवली. तिथून हे ऑपरेशन माणसात आलं. पुढे आडवी चीर आली, रक्त चढवणं आलं, पेनिसिलिन आलं. म्हणजे आज आपण ज्याला सोपं म्हणतो ते सोपं व्हायला पाचसात वेगवेगळे शोध लागले, आणि त्यातला एक जरी त्या रात्री दवाखान्यात नसला तर ऑपरेशन पुन्हा जुन्या काळातलंच होतं. रक्ताची पिशवी नसलेल्या गावात केलेलं सिझेरियन आणि रक्तपेढीच्या शेजारी केलेलं सिझेरियन यांना एकच नाव आहे, एवढंच.

यात आपल्या माणसांचा वाटा नाही असं नाही. मूळ गोव्याच्या शिरोड्याचे, मुंबईत नावाजलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली पिशवीच्या तोंडाला टाका घालायची रीत जगापुढे मांडली. जिचं लेकरू पाचव्या-सहाव्या महिन्यात गळून जायचं तिला त्या टाक्यानं दिवस भरेपर्यंत नेता येऊ लागलं. आमच्याकडच्या बायाही 'पिशवीला टाका टाकला' म्हणतात. तो टाका एका मराठी मुलखातल्या माणसाच्या नावानं जगभर ओळखला जातो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू. म्हैस पान्हवत नाही तेव्हा काही गवळी तिला एक इंजेक्शन टोचतात, हे खेड्यात कोणाला सांगायला नको. तेच औषध बायांना कळा वाढवायला देतात. ऑक्सिटोसिन त्याचं नाव. अमेरिकेत १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि बनवणाऱ्याला १९५५ मध्ये नोबेल मिळालं. बाळंतपणानंतर रक्त थांबवायला त्याच्याइतकं कामाचं औषध नाही. त्यानं लाखो बाया वाचल्या. पण लेकरू बाहेर यायच्या आधी, थेंब न मोजता, ठोके न ऐकता दंडात टोचलं तर पिशवी फाटू शकते, लेकरू आत गुदमरतं. आमच्या भागात ऐंशी-नव्वदच्या साली फटफटीवर येऊन असं इंजेक्शन देऊन जाणारे होते. 'सुई मारली की मोकळी होते' अशी त्यांची ख्याती. जिची झाली नाही तिची ख्याती कोण सांगणार? २०१८ साली सरकारनं म्हशींवरचा गैरवापर थांबवायला हे औषध खासगी कंपन्यांनी बनवू नये, फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कारखान्यानं बनवावं, असा हुकूम काढला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. कारण म्हशीसाठी तंगी केली तर रक्त जाणाऱ्या बाळंतिणीलाही औषध मिळायचं नाही. मला हा निकाल बरोबर वाटतो. विळ्यानं बोट कापतं म्हणून विळे बंद करत नाहीत.

आकड्यांकडे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रात शंभर बाळंतपणांत २० सिझेरियन होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती २५ वर गेली. देशाचा आकडा २१. पण देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरात १४ आणि खासगीत ४७. रस्त्याच्या एका बाजूच्या दवाखान्यात गेलं तर १४ आणि दुसऱ्या बाजूच्या दवाखान्यात ४७, एवढा फरक बायांच्या हाडापेरात असू शकत नाही. अवघड केस खासगीत जास्त जाते हे धरलं तरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की सगळ्या लोकसंख्येत दहा टक्क्यांपर्यंत सिझेरियन वाढली तर मायलेकरांचे मृत्यू कमी होतात, त्याच्या वर गेल्यानं मृत्यू आणखी कमी होत नाहीत.

याच्याजोडीला गडचिरोलीचा आकडा ठेवा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या गावांत घरी बाळंत होणाऱ्या बाया नीट पाहिल्या, ७७२ बायांची नोंद ठेवली. शंभरातल्या पंधरा बायांना तातडीच्या डॉक्टरी मदतीची गरज होती. पंधराही जणींना ऑपरेशनच लागलं असतं असं नव्हे. पण मदत लागते ती शंभरात पंधराला, आणि कोणत्या पंधरा ते आधी सांगता येत नाही. आमच्या दाईच्या हातची पंचाऐंशी लोकांना आठवतात. उरलेल्या पंधरातली माझी आत्या.

आता महाराष्ट्रात शंभरात चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. २००५ नंतर आशाताई आल्या, जननी सुरक्षा आली, २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियनसुद्धा फुकट झालं, १०८ ची गाडी आली. २०१८-२० च्या मोजणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. नाल्याच्या काठावर गाडी उभी राहण्याचे दिवस बरेचसे सरले. हे मान्य करूनच पुढचं बोलतो.

२०१३ साली माझ्या मोठ्या सुनेला एका खासगी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी भरती केली तेव्हा सगळं ठीक होतं. रात्री दहाला सांगितलं की बाळानं पोटात शी केली आहे, पाणी कमी झालं आहे, ताबडतोब सही करा. पोरानं सही केली. नातू झाला, दोघंही सुखरूप. बिल बेचाळीस हजार, म्हणजे त्या वर्षीची तेरा क्विंटल सोयाबीन. मला पैशाचं दुःख नाही. नातवापुढे सोयाबीन काय! पण ते ऑपरेशन लागतच होतं की नव्हतं, हे आम्हाला आजही माहीत नाही. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. बाळानं शी करणं हे खरंच धोक्याचं असू शकतं, आणि कधी त्याच्यासकट लेकरू नीट जन्मतं. मोंढ्यात काट्यावर माप बघून मी माल देतो. इथं काटाच आमच्याकडे तोंड करून ठेवलेला नव्हता. ठोक्यांचा कागद मागितला तर म्हणाले, फाइल दवाखान्यातच राहते.

डॉक्टरांच्या बाजूनंही एक बोलतो. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर डॉक्टरावर ग्राहक न्यायालयात दावा लावता येतो. सिझेरियन केलं म्हणून क्वचितच कोणी कोर्टात जातं, केलं नाही म्हणून जातात. २०२२ साली राजस्थानात दौसा जिल्ह्यात रक्तस्रावानं बाळंतीण दगावली, डॉक्टरबाईवर खुनाचा गुन्हा नोंदवला आणि त्या बाईनं जीव दिला. असं वाचल्यावर कोणता डॉक्टर रात्री दोनपर्यंत कळांची वाट बघत बसेल? आणि मुहूर्त काढून आणणारे लोक आपलेच आहेत. अमुक नक्षत्रावर, सकाळी सातच्या आत काढा म्हणतात. त्यांना डॉक्टरनं नाही म्हटलं तर ते पुढच्या दवाखान्यात जातात.

धोका कशात आहे, हा प्रश्न बाया मला विचारत नाहीत, पण त्यांचे नवरे विचारतात. मी वाचलेलं सांगतो. ऑपरेशनात रक्त जास्त जातं, जखम पिकू शकते, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. आईचं दूध उतरायला थोडा उशीर लागतो. पण मोठा धोका त्या वेळचा नाही, पुढच्या खेपेचा आहे. पिशवीवर व्रण असतो. पुढच्या खेपेला वार त्या व्रणावर बसली तर ती आत रुतून चिकटते, बाळंतपणानंतर सुटत नाही आणि रक्ताचा लोट लागतो. प्रत्येक सिझेरियनगणिक हा धोका वाढत जातो. एकच लेकरू हवं असलेल्या शहरातल्या बाईचा हिशोब आणि तिसऱ्या खेपेला आलेल्या आमच्या मजूरबाईचा हिशोब म्हणून एक नाही.

आणि नैसर्गिक बाळंतपण फुकटचं नसतं, हेही सांगतो. निंदणाच्या रांगेत वाकून चालणाऱ्या किती म्हाताऱ्यांचं 'अंग' बाहेर आलेलं असतं, किती जणींची लघवी थांबत नाही, हे घरातल्या माणसांनाही माहीत नसतं. राणी बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, तेव्हा शंभरातल्या ९२ जणींना अंगावरचा काही ना काही आजार निघाला. सगळेच बाळंतपणाचे नव्हते, पण बोलायचं नाही ही रीत सगळ्यांची एकच होती.

पायाळूंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. २००० साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. २६ देशांतल्या दोन हजारांवर पायाळू गर्भाच्या बाया त्यात होत्या. आधीच ठरवून सिझेरियन केलेल्या बाजूला दगावलेली किंवा गंभीर झालेली लेकरं शंभरात दीडच्या आसपास, नैसर्गिक बाजूला पाच. निकाल येताच जगभर पायाळू म्हटलं की सिझेरियन असं झालं. दोन वर्षांनी त्यातलीच काही लेकरं पुन्हा तपासली, तेव्हा दोन्ही बाजूंत फारसा फरक उरला नव्हता. पण तोवर हात विसरले होते. आजच्या तरुण डॉक्टरनं पायाळू बाळंतपण डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. ज्यानं पाहिलं नाही त्यानं ते करू नये हे बरोबरच. माझ्या दाईची विद्या तिच्याबरोबर गेली, आणि दवाखान्यातली विद्याही मागोमाग गेली. एक वाट मात्र अजून आहे. दिवस भरायच्या थोडं आधी, सदतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला, सोनोग्राफी करून, ठोके ऐकत, पोटावरून हातानं लेकरू फिरवता येतं. निम्म्या वेळा जमतं. हे शिकलेल्या डॉक्टरनं दवाखान्यात करायचं काम आहे, गावात तेल लावून पोट रगडायचं नव्हे.

धाकट्या सुनेचं पहिलं सिझेरियन झालेलं आहे आणि तिला आता सातवा महिना चालू आहे. तिला या खेपेला कळा देऊन पाहायच्या आहेत. घरात यावर आठ दिवस बोलणं चाललं. तिच्या सासूचं म्हणणं, पुन्हा चिरलेलं बरं, ठरलेली वेळ असते. मी वाचून काढलं ते असं की एका सिझेरियननंतर कळा देऊन पाहणाऱ्या शंभरात साठ ते ऐंशी बाया मोकळ्या होतात, आणि पिशवीचा व्रण फाटायची भीती दोनशेत एकीला. सून म्हणाली, "मामाजी, दोनशेत एक म्हणजे कमी की जास्त?" मी म्हटलं, ते दवाखान्यावर आहे. ती एक ज्या दवाखान्यात असेल तिथं अर्ध्या तासात ऑपरेशन होत असेल तर कमी. भूल देणारा डॉक्टर गावाहून यायचा असेल तर जास्त.

मग तिनं वहीत प्रश्न लिहिले आणि डॉक्टरबाईंना विचारायला स्वतः गेली. मागची चीर आडवी होती का? रात्री भूल देणारा दवाखान्यात असतो का? रक्त कुठून येईल आणि किती वेळात? ठोक्यांचा कागद आम्हाला बघायला मिळेल का? बाईंनी रागावल्याशिवाय उत्तरं दिली. भूलवाले रविवारी नसतात, असंही सांगितलं. म्हणून रविवारी कळा आल्या तर दुसरीकडे जायचं ठरलं आहे, तिथला नंबर भिंतीवर लिहून ठेवला आहे. आम्ही घरातल्या चौघांनी रक्तगट तपासून घेतले. माझा जुळत नाही, धाकट्या पुतण्याचा जुळतो.